आचार्य साळिंदरांचा छापून आलेला ताप

एका जंगलात, मुलांनो, ताप यायचा.

तसा ताप सगळ्याच जंगलांत येतो. पण या जंगलातला ताप फार शिस्तीचा होता. पावसाळ्यात तो कधी यायचा नाही. गवत वाळायला लागलं, पानं गळायला लागली, की तो हजर व्हायचा आणि पुन्हा पाऊस पडेपर्यंत मुक्काम ठोकायचा. आधी तो वानरांना धरायचा. एखादं वानर झाडावरून खाली पडायचं आणि उठायचंच नाही. मग बाकीच्यांची पाळी.

तुम्ही विचाराल, मग या तापाचा कुणी अभ्यास केला नाही का? मधे विचारू नका. सांगतोच आहे. केला, पुष्कळ केला. त्या जंगलात तापाने मेलेल्यांपेक्षा तापावर लिहिलेले निबंध जास्त होते, आणि मेलेलेही काही कमी नव्हते.

निबंध लिहायचे आचार्य साळिंदर. लिहिणं त्यांना सोपं होतं, कारण त्यांच्या पाठीवरच लेखण्या उगवायच्या. एक झिजली की मागे हात घालून दुसरी उपटायची. 'तापलेल्या सशाच्या कानांची लांबी' हा त्यांचा पहिला निबंध. त्यावर त्यांना आचार्य म्हणायला लागले. मग 'आजारी रानडुकरांच्या कण्हण्याचे प्रकार' आला. मग 'ताप आणि चंद्रकला'. प्रत्येक निबंधाच्या शेवटी एकच वाक्य असायचं: या विषयावर आणखी संशोधनाची गरज आहे. गरज एकदा छापून आली, की आचार्य ती भागवायला बसायचे.

हे निबंध इथे छापून येत नसत. इथे छापलेलं इथे कुणी मानत नव्हतं. फार उत्तरेला, जिथे बारा महिने बर्फ असतं, तिथे एक म्हातारं पांढरं अस्वल 'ज्वरपत्रिका' चालवायचं. त्या बर्फात हा ताप कधी कुणाला आला नव्हता. त्यामुळे तिथल्या मंडळींना त्याच्याविषयी अगदी शांतपणे विचार करता यायचा.

निबंध न्यायचे आणि आणायचे चक्रवाक पक्षी. ते थंडीत दक्षिणेला यायचे आणि ऊन तापायला लागलं की उत्तरेला जायचे. म्हणजे आज निबंध दिला, तर त्याचं उत्तर पुढच्या थंडीत. तोवर ताप काही थांबायचा नाही, पण त्याला थांबायला कुणी सांगितलंही नव्हतं.

ज्वरपत्रिकेचा एक नियम होता. छापायचं ते फक्त नवं. छापण्याआधी जे कुणाला तोंडी सांगितलं, ते जुनं झालं. जुनं अस्वल घेत नसे.

हा नियम आचार्यांनी एकदा मोडला होता. पाणवठ्यावर पाणी पिता पिता त्यांनी उपाचार्य उदमांजराला सहज सांगितलं, की ताप चढताना शेपटी गार पडते. पुढच्या थंडीत 'गार शेपटी' हा निबंध छापून आला. लेखक उदमांजर. त्या दिवसापासून आचार्य पाणीसुद्धा तोंड मिटून प्यायचे म्हणतात. ते कसं जमायचं मला विचारू नका.

आता या जंगलातली एक चांगली चाल सांगतो. कुणी मेलं, की जिथे मेलं तिथेच शोकसभा व्हायची. राजा वाघ होता. त्याच्या आजोबांनी तसं फर्मान काढलं होतं, की दुसरीकडे बसून केलेला शोक मेलेल्याला पोचत नाही. म्हणून सगळे त्या जागी जमायचे आणि खाली पालापाचोळ्यात बसायचे. प्रेताच्या जितकं जवळ बसाल, तितकं तुमचं दुःख मोठं. कार्यकारिणी तर प्रेताला खेटून बसायची.

सभेच्या दिवशी राजेसाहेबांचा उपास असायचा. निदान सभा संपेपर्यंत.

हजेरी घ्यायचे चिटणीस कोल्होबा. जो येणार नाही, त्याचा पाणवठा बंद. आणि त्याच्या घरात उद्या कुणी गेलं, तर त्याची शोकसभा नाही. या दुसऱ्या शिक्षेला जंगल जास्त घाबरायचं. तहान सोसता येते हो, पण आपल्यामागे चार चांगले शब्द कुणी बोलणार नाही, हे कुणाला सोसवतं?

आचार्य साळिंदर प्रत्येक सभेत बोलायचे. ते मात्र खाली बसत नसत. शेजारच्या खडकावर उभं राहून ते तापाचा इतिहास सांगायचे. मेलेल्याचं नाव शेवटी यायचं, कधी राहूनही जायचं.

एकदा काय झालं, एका वानराच्या सभेत आचार्य ऐन रंगात आलेले, आणि कोल्होबांनी त्यांना मधेच थांबवलं.

"आचार्य, आटपा," कोल्होबा म्हणाले. "राजेसाहेबांना भूक लागलीय."

हे ऐकल्यावर सभा फारच शांत झाली. आचार्यांचा मात्र अपमान झाला. ते खडकावर तसेच उभे राहिले आणि मान खाली घालून पालापाचोळ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं तापाचा अभ्यास करून त्यांनी खाली असं कधी बघितलंच नव्हतं. ते नेहमी श्रोत्यांच्या डोक्यांवरून लांब बघायचे.

खाली गोचीड चालले होते.

वानराचं अंग गार पडलं होतं. गार अंगात गोचिडांना राम वाटत नाही. ते त्याच्या कानांतून, काखांतून बाहेर पडत होते आणि वाळक्या पानांवरून सगळ्यात जवळच्या ऊबदार अंगाकडे निघाले होते. जवळ कार्यकारिणी बसली होती. गोचीड कार्यकारिणीवर चढले. कार्यकारिणी दुःखात बुडालेली असल्यामुळे कुणी अंग झाडलं नाही.

थोड्या दिवसांनी पुढच्या रांगेला ताप आला. मागच्या रांगेला आला, पण कमी. त्या सभेला जे सबब सांगून आले नव्हते, त्यांना आला नाही. पुढच्या सभेत आचार्यांनी पुन्हा खाली बघितलं. त्याच्या पुढच्या सभेतही बघितलं. दर वेळी तेच.

मग त्यांनी पाठीवरची एक ताजी लेखणी उपटली आणि एक वाक्य लिहिलं. जिथे कुणी तापानं मेलं, तिथे जाऊन बसू नका.

मुलांनो, हे वाक्य खरं होतं. सोपं होतं. आणि फुकट होतं. इथपर्यंत आचार्यांना नावं ठेवायला जागा नाही. मी शोधली, मला सापडली नाही.

आनंदाच्या भरात ते पाणवठ्यावर पळत गेले. सगळं जंगल तिथे पाणी पीत होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांना सांबराच्या पलीकडे उदमांजर दिसलं. कान टवकारून बसलं होतं.

आचार्यांनी तोंड मिटलं.

"काही म्हणत होतात, आचार्य?" उदमांजराने विचारलं.

"जांभई आली," आचार्य म्हणाले.

ते घरी गेले, त्यांनी निबंध नीट लिहून काढला आणि निघायच्या तयारीत असलेल्या चक्रवाकांच्या गळ्यात बांधला. निबंधावर पहिलं नाव राजाचं घातलं. ती तिथली रीत होती. जंगलात जे काही शोधलं जाई, ते वाघाने शोधलेलं असे. दुसरं नाव त्यांचं स्वतःचं.

आता भेकरीकडे येऊ. ही गोष्ट खरं म्हणजे तिची आहे, पण आचार्य फार जागा घेतात.

भेकरी म्हणजे एक साधी, अंगाने लहान, भित्री हरणी. सभेला ती अगदी कडेला, झुडपाआड, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी उभी राहायची. खाली बसायची नाही. जिथे वाघ अध्यक्ष असतो तिथे हरणाने पाय दुमडून बसू नये, एवढं तिला कळत होतं. तिचा नवरा मात्र कार्यकारिणीवर होता. तो पुढे बसायचा. घरी आला की अभिमानाने सांगायचा, "आज राजेसाहेबांच्या मिशा मला हात लावण्याएवढ्या जवळ होत्या."

चक्रवाक उत्तरेला गेले आणि भेकराला ताप आला.

भेकरी आचार्यांकडे धावत गेली. तिला तेव्हा दिवस गेलेले होते, नीट पळवत नव्हतं.

"आचार्यकाका, यांना ताप आलाय. कशानं आला असेल हो? काय टाळायला हवं होतं?"

आचार्यांना माहीत होतं. त्यांच्या जिभेवर होतं. पण भेकरीला सांगितलं, तर ती शेजारणीला सांगणार. शेजारीण पाणवठ्यावर बोलणार. पाणवठ्यावर उदमांजर असणार. आणि चक्रवाक अजून धड हिमालयसुद्धा ओलांडून गेले नसतील.

"यावर आणखी संशोधनाची गरज आहे," ते म्हणाले.

भेकर गेला. त्याच्यासाठी मोठी सभा झाली, अगदी दाटीवाटीने. आचार्यांनी खडकावर उभं राहून असं भाषण केलं, की सांबराला हुंदका आवरेना. भेकरी झुडपाशी उभी होती. इतके सगळे आपल्या माणसासाठी येऊन बसलेत, हे बघून तिला खरंच बरं वाटलं. मला या ठिकाणी राग येतो. तुम्हालाही यावा, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पावसाळ्यात तिला पाडस झालं. लांब पायांचं, कुठेही नाक खुपसणारं. आता तिचं सगळं जग तेवढंच होतं. याला ताप येता कामा नये, एवढीच एक गोष्ट तिच्या डोक्यात राहिली.

थंडी पडली. ताप आला आणि चक्रवाकही आले. त्यांनी अस्वलाचं उत्तर आणलं होतं. निबंध तीन परीक्षकांनी वाचला होता. ते कोण, हे सांगायची पद्धत नव्हती. आचार्यांनी वाचायला सुरुवात केली.

पहिल्या परीक्षकाचं म्हणणं होतं, की निबंधाची भाषा समजते. जे समजतं त्याला शास्त्र म्हणावं का, याचा लेखकाने विचार करावा.

दुसऱ्याचं म्हणणं होतं, की लेखकाने या परीक्षकाच्या एकाही निबंधाचा उल्लेख केलेला नाही. परीक्षकाने तापावर कधी लिहिलेलं नाही, तो माशांवर लिहितो, पण उल्लेखाला काय हरकत आहे.

तिसरा खरा अभ्यासू होता. त्याने लिहिलं होतं, की मेलेले सगळे प्राणी वर्षानुवर्षं सभांना जाणारे दिसतात. त्यांना ताप आधीच लागलेला नसेल कशावरून? जो प्राणी आजवर एकदाही सभेत खाली बसलेला नाही, असा एक तरी प्राणी तिथे नेऊन बसवावा आणि त्याचं काय होतं ते कळवावं. त्याशिवाय निबंध छापण्याजोगा वाटत नाही.

आचार्य विचारात पडले. सभेत एकदाही न बसलेला प्राणी आणायचा कुठून? सगळ्या जंगलाला हजेरी सक्तीची.

आणि नेमकी त्याच वेळी भेकरी दारात आली. बरोबर पाडस होतं.

"काका, चिटणीस घरी येऊन गेले," ती म्हणाली. "म्हणाले, पोर मोठं झालं, आता सभेला आण. मी सांगितलं, दात येतायत. मागच्या वेळी सांगितलं होतं, पोट बिघडलंय. आता काय सांगू?"

"हं," आचार्य म्हणाले.

"नेऊ का याला? मला नुसती भीती वाटते, कारण काही सांगता येत नाही. तुम्ही तापावर एवढं लिहिलंत. कशापासून लांब ठेवू, एवढंच सांगा. बाकी मला काही कळलं नाही तरी चालेल."

आचार्यांनी पाडसाकडे बघितलं. असाच प्राणी परीक्षकाला हवा होता. कोवळा, निरोगी, एकदाही न बसलेला. नुसतं 'ने' म्हणायचं होतं. एक अक्षर. ते म्हटलं असतं, तर काही नवं सांगितलं असंही झालं नसतं.

पाडस पुढे आलं आणि आचार्यांच्या पाठीवरच्या लेखण्या हुंगायला लागलं. एक काटा नाकाला टोचला. ते दचकून मागे सरलं, शिंकलं, आणि पुन्हा हुंगायला आलं.

आचार्यांना 'ने' म्हणवेना. 'नेऊ नको' म्हणायलाही त्यांची जीभ उचलेना.

"यावर आणखी..." ते म्हणाले.

"माहितेय, काका," भेकरी म्हणाली. "यांच्या वेळेलाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती पाडसाला घेऊन निघून गेली.

मग आचार्यांच्या लक्षात आलं, की सभेत एकदाही खाली न बसलेला आणखी एक प्राणी या जंगलात आहे. तो कायम खडकावर उभा असतो.

पुढच्या सभेत आचार्य खडकावर चढले नाहीत. ते सरळ प्रेताजवळ गेले आणि पालापाचोळ्यात बसले. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. उदमांजराला तर संशयच आला.

"आज खाली?" त्याने विचारलं.

"पाय दुखतात," आचार्य म्हणाले.

साळिंदराच्या पाठीवर काटे असतात. पोटावर नसतात. गोचिडांना हे कुणी छापून कळवायला लागलं नाही.

आचार्यांना ताप आला. कण्हता कण्हता त्यांनी सगळं लिहून काढलं, की डोकं कधी दुखलं, डोळे कधी लाल झाले, शेपटी कधी गार पडली. शेपटीपाशी उदमांजराचं नाव घालावं लागलं, त्याचं त्यांना तापापेक्षा जास्त दुःख झालं. भाषा त्यांनी अवघड केली. माशांचा उल्लेख केला. निबंधाला नवं नाव दिलं: 'वानरकुलीय मृत्युस्थलावरील शुष्कपर्णाच्छादित भूभागी आसनस्थ होणे आणि ज्वरबाधा यांतील संभाव्य सहसंबंध: एक प्राथमिक अन्वेषण'. आणि चक्रवाक उडायच्या बेतात असताना तो त्यांच्या गळ्यात बांधला.

मुलांनो, या माणसाला काय म्हणावं ते मला कळत नाही. साळिंदराला माणूस म्हटलं, चुकलो, पण राहू दे. एका पाडसासाठी मरायची त्याची तयारी होती. त्या पाडसाच्या आईला एक वाक्य सांगायची मात्र नव्हती. मरणं त्याला जमलं, बोलणं काही जमलं नाही.

आचार्यांचा ताप उतरला, पण अंगातून गेला नाही. पावसाळाभर ते खंगत गेले. पाठीवरच्या लेखण्या गळायला लागल्या आणि नव्या उगवेनात. एकदा भेकरी त्यांना कोवळा पाला घेऊन आली. तिने या वेळी काही विचारलं नाही. आचार्यांनी पाला खाल्ला आणि खाली मान घालून म्हणाले, "पोराला जपतेस ना?"

"कशापासून जपायचं ते कळलं तर जपेन," ती म्हणाली.

थंडी आता फार लांब नव्हती. एवढं थांबलो, तर आणखी थोडं थांबू, असं आचार्यांनी स्वतःला समजावलं.

थंडी आली. जांभळीच्या झाडाखाली एक वानर मेलं आणि त्याची सभा झाली. सभा उठल्यावर आचार्य काठी टेकत तिथे गेले. पुढच्या निबंधासाठी त्यांना थोडे गोचीड हवे होते. वाकले, आणि तिथेच पडले.

तेवढ्यात चक्रवाक आले. वरून त्यांनी आचार्यांना ओळखलं आणि ज्वरपत्रिकेचा नवा अंक त्यांच्यासमोर टाकला. निबंध छापून आला होता. आचार्यांनी आधी आपलं नाव शोधलं. राजाच्या नावाखाली होतं, बारीक अक्षरात, पण होतं. आता बोलायला हरकत नव्हती. नियम संपला होता. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांचा श्वास संपला.

एवढ्या मोठ्या संशोधकाची सभा साधी कशी होणार? कोल्होबांनी एकाच वेळी दोन कार्यक्रम ठरवले. आधी आचार्यांची शोकसभा आणि लगेच निबंधाचं प्रकाशन. जागा तीच, जांभळीखाली, आचार्य पडले तिथे. हजेरी सगळ्यांना, तान्ह्या पोरांसकट. कोल्होबा घरोघर फिरून सांगून आले.

"या वेळी कुठलंही कारण चालणार नाही," त्यांनी भेकरीला बजावलं. "दात, पोट, काही नाही. पोर आलं नाही तर तुमचा पाणवठा कायमचा बंद. आणि आचार्यांचे तुझ्यावर केवढे उपकार होते. भेकराच्या सभेत काय बोलले होते ते, आठवतंय ना?"

भेकरीला आठवत होतं. ती पाडसाला घेऊन गेली.

जांभळीखाली पाय ठेवायला जागा नव्हती. वाळक्या पानांचा हा एवढा थर होता, आणि त्यात एक वानर आणि एक आचार्य असे दोघे मरून पडले होते. सभेला इतकी तयार जागा जंगलात दुसरी नसेल. कार्यकारिणी आधीच येऊन खेटून बसली होती. उदमांजर सगळ्यात पुढे होतं आणि सगळ्यात मोठ्याने रडत होतं.

"पोराला बसव," कोल्होबा भेकरीला म्हणाले. "उभं राहणं बरं दिसत नाही."

पाडस काही बसेना. त्याला चक्रवाकांच्या मागे पळायचं होतं. भेकरी त्याला मानेने दाबत होती. ते एक पाय दुमडायचं आणि दुसरा सोडवायचं.

कोल्होबांनी अंक उघडला आणि निबंध वाचायला घेतला. त्यांनी निबंधाचं नाव वाचलं तेव्हाच अर्धी सभा भारावून गेली. राजेसाहेब अध्यक्षस्थानी होते. पहिलं नाव त्यांचंच होतं, त्यामुळे आपण काय शोधलं ते त्यांनाही पहिल्यांदाच कळत होतं. ते मधून मधून मान हलवत होते.

वाचन लांबलं. पानं सळसळली. कुणी पोट खाजवलं, कुणी कान झाडला. शेवटी कोल्होबा अखेरच्या परिच्छेदाला आले. अस्वलाने अलीकडे एक नवी प्रथा घातली होती. प्रत्येक निबंधाखाली, ज्यांना शास्त्र कळत नाही त्यांच्यासाठी, दोन ओळींचा सारांश असायचा. आचार्यांनी तो अगदी नाइलाजाने लिहिला होता.

"थोडक्यात," कोल्होबांनी वाचलं, "जिथे कुणी तापानं मेलं, तिथे जाऊन बसू नये. मेलेल्याच्या अंगावरचे गोचीड जवळ बसणाऱ्यांच्या अंगावर चढतात आणि त्यांना ताप येतो."

"वा," राजेसाहेब म्हणाले.

"किती मूलभूत," उदमांजर म्हणालं, आणि जरा आणखी आरामात मांडी घालून बसलं.

टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. आपल्या जंगलातला निबंध थेट बर्फात छापून आला, याचा सगळ्यांनाच अभिमान वाटला. सांबराने शेजारच्या सशाला विचारलं, "समजलं का तुला?" ससा म्हणाला, "समजलं की. फारच छान आहे."

भेकरी उठली.

म्हणजे ती बसलेली नव्हतीच. तिने फक्त पाडसाच्या मानेवरची आपली मान काढली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की निबंध ऐकायचा असतो, पाळायचा नसतो. तिने पाडसाचे पाय चाटून, झटकून बघितले. पोटाखाली बघितलं. कानांत बघितलं. एक गोचीड गुडघ्यापर्यंत आला होता, तो तिने दातांनी काढून थुंकला. मग पाडसाला पुढे घालून ती सभेच्या मधूनच चालायला लागली.

"बाई, कुठे निघालात?" कोल्होबांनी विचारलं. "शांतता पाळायची राहिलीय."

"इथं बसू नका म्हणून लिहिलंय ना काकांनी," भेकरी म्हणाली. "तुम्हीच वाचलंत आत्ता."

"अहो, ते संशोधन आहे," कोल्होबा समजुतीने म्हणाले.

"असू दे. आम्ही जातो."

"पाणवठा बंद होईल. कायमचा."

भेकरी थांबली. पाणवठा सोडून त्या जंगलात दुसरं पाणी नव्हतं. ती सगळं आयुष्य तिथेच पाणी प्यायली होती. पलीकडच्या डोंगरामागे काय आहे, हे तिला माहीत नव्हतं. तिने एकदा जांभळीखाली पडलेल्या आचार्यांकडे बघितलं.

"काका, आधी सांगायचं होतंत हो," ती म्हणाली. "आमचे हे तरी राहिले असते."

आणि ती डोंगराच्या दिशेने निघाली. पाडस पुढे उड्या मारत होतं.

सभेला फार वाईट वाटलं. ज्या भेकरासाठी आचार्यांनी एवढं मोठं भाषण केलं होतं, त्याच्याच बायकोने त्यांच्याच सभेतून असं उठून जावं, हे कुणालाच रुचलं नाही. उदमांजराने तिथल्या तिथे निषेधाचा ठराव मांडला. राजेसाहेबांनी तो मताला टाकला. सगळ्यांनी बसल्या जागेवरून पंजे, खूर आणि शेपट्या वर केल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर शांतता पाळण्यात आली. सगळे डोळे मिटून, स्तब्ध बसले. इतके स्तब्ध, की अंगावर काय चढतंय याकडेही कुणी लक्ष दिलं नाही.

डोंगरापलीकडे पाणी आहे, पण फार नाही. खुराने उकरावं लागतं आणि त्याला मातीची चव येते. पाडसाला आता शिंगं फुटली आहेत. त्याला वळण मात्र अजिबात नाही. कुठे चार जण गंभीर चेहऱ्याने बसलेले दिसले, की ते लांबूनच पळ काढतं.

तात्पर्य: शोकसभेतून मध्येच उठून जाऊ नये. उठून जाणारे फार जगतात, आणि मग त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोलायला कुणी उरत नाही.